रेक्याविकचा चौक आणि बायकांची सुट्टी

उत्तरेकडच्या समुद्रातला आइसलँड हा छोटा देश, रेक्याविक ही त्याची राजधानी. तिथे फिरताना आम्ही लाईक्यार्तोर्ग चौकात थांबलो. चौक साधाच, पण त्याची गोष्ट मोठी आहे.

१९७५ हे महिला वर्ष होतं. तिथल्या बायकांना घरकामाचा मोबदला नव्हता आणि बाहेरच्या कामाला पुरुषांपेक्षा कमी पगार मिळे. काही तरुणी म्हणाल्या, संप करू. पण ‘संप’ म्हटलं की बऱ्याच जणी कचरायच्या. मग ‘सुट्टी’ हा शब्द पुढे आला आणि सगळ्या विचारांच्या बायका एकत्र आल्या.

२४ ऑक्टोबरला शंभरातल्या नव्वद जणींनी घरातलं आणि बाहेरचं काम थांबवलं. मासळीचे कारखाने, शाळा बंद पडल्या. बाप मुलांना घेऊन कचेरीत गेले. चटकन शिजणारे सॉसेज दुकानांतून संपले. देशाची वस्ती जेमतेम सव्वादोन लाख. त्यातल्या सुमारे २५,००० बायका या चौकात जमल्या.

पुढच्याच वर्षी समानतेचा कायदा झाला. १९८० मध्ये विग्दिस फिनबोगादोत्तिर राष्ट्राध्यक्ष झाल्या. थेट लोकांच्या मतांनी राष्ट्राध्यक्ष झालेल्या जगातल्या त्या पहिल्या महिला. तरी पगारातली तफावत पुरती मिटली नाही, म्हणून २०२३ मध्ये त्याच तारखेला बायकांनी पुन्हा काम थांबवलं.

बैठकीत आपलंही कधी एखाद्या शब्दावरून अडतं. तेव्हा शब्द बदलून पाहू या, मागणी मात्र सोडायची नाही.