खाऱ्या पाण्याला फेस येत नाही

माझ्या आत्तेभावाचा एक पांढरा शर्ट गेली चाळीसेक वर्षं माझ्या डोक्यातून जात नाही.

आम्ही तेव्हा माझगावला चाळीत राहायचो. वडील गोदीत नोकरीला. आमचं मूळ गाव धरमतरच्या खाडीकाठचं आणि आत्याला दिली होती तीही शेजारच्याच गावात. १९८४ च्या मे महिन्यात आत्तेभाऊ सुट्टीला आमच्याकडे आला. माझ्याच वयाचा, दहा-अकरा वर्षांचा. येताना शाळेचा पांढरा शर्ट घालून आला होता, कारण तोच त्याचा सगळ्यात चांगला. पांढरा म्हणायचा एवढंच. खरा रंग जुन्या वहीच्या पानासारखा. मी चाळीतल्या सगळ्या पोरांसमोर विचारलं, "काय रे, हा धुतलाय की नाही?" पोरं खो खो हसली. तो काहीच बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघतो तर हा मोरीत उकिडवा बसून स्वतःचा शर्ट धुतोय. आईने थोडी साबणाची पावडर दिली होती. बादलीवर हा एवढा फेस आला होता आणि तो शर्ट सोडून फेसाकडेच बघत बसला होता. "मामी, केवढा फेस!" असं दोनदा म्हणाला.

फेसाचं त्याला एवढं कौतुक का वाटलं, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. आज त्याबद्दलच लिहायचं आहे. म्हटलं तर हा डागांचा इतिहास आहे, म्हटलं तर पाण्याचा.

ज्यांना धरमतर माहीत नाही त्यांच्यासाठी थोडंसं. पेणहून वडखळमार्गे अलिबागला जाताना अंबा नदीची खाडी ओलांडावी लागते, ती धरमतरची खाडी. आता पुलावरून गाडी दोन मिनिटांत पलीकडे जाते, पण पूर्वी हे मोठं बंदर. एकोणिसाव्या शतकातच मुंबईहून इथे आगबोटी येऊ लागल्या होत्या. धरमतरला उतरायचं आणि पुढे बैलगाडीने नाहीतर टांग्याने पेण, पोयनाड, अलिबाग गाठायचं. भात, मीठ, माणसं, टपाल, सगळ्यांचा रस्ता पाण्यातून.

खाडीच्या दोन्ही बाजूंचा सखल मुलूख म्हणजे खारेपाट. पिढ्यान् पिढ्या लोकांनी मातीचे बांध घालून समुद्र बाहेर ठेवला आणि आत भात पिकवला. जिथे भात होत नाही तिथे मिठागरं. उधाणाच्या भरतीला बांध फुटला की शेतात खारं पाणी, आणि मग ती जमीन काही वर्षं हातची गेलीच. या बांधांसाठी सरकारने १९४८ मध्ये खारजमिनींचा कायदा केला, १९७९ मध्ये नवा केला. बांध मात्र तरीही फुटतातच. असो.

सांगायचा मुद्दा असा, की या मुलखात डोळ्यांसमोर जिकडे तिकडे पाणी आणि उपयोगाचं मात्र नाही. विहीर खणली तर बहुतेक ठिकाणी खारट किंवा मचूळ. पावसाचं पाणी साठवणारं गावचं तळं, हाच काय तो आधार. एप्रिल-मेमध्ये ते तळं खाली जायचं. त्यातलं पाणी आधी माणसांना, मग गुराढोरांना, आणि उरलं तर कपड्यांना. उरायचं ते गढूळ. म्हणजे उन्हाळ्यात कपडे धुवायचे ते विहिरीच्या खाऱ्या पाण्यात.

आणि खाऱ्या पाण्याला फेस येत नाही!

यात आत्याचा हात कमी पडत नव्हता, हे सगळं रसायनशास्त्र आहे. साबण म्हणजे तेल आणि क्षार मिळून झालेलं एक प्रकारचं मीठ. पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असलं, की ते साबणाशी जुळून न विरघळणारा चिकट साका बनवतात. हा साका मळ तर काढत नाहीच, उलट स्वतःच कापडावर बसतो. वर पाण्यात साधं मीठ भरपूर असेल तर साबण मुळात नीट विरघळतच नाही. गंमत म्हणजे साबणाच्या कारखान्यात शिजलेल्या रगाड्यातून साबण वेगळा काढायला मीठच टाकतात. म्हणजे कारखान्यात साबण जसा पाण्याबाहेर काढतात तसाच तो आत्याच्या बादलीत आपोआप बाहेर पडायचा. ती जितका जास्त साबण घासायची, तितका शर्ट पिवळा आणि ताठ. त्या शर्टाचा रंग मळाचा नव्हताच, साबणाचा होता. शर्ट मी समजत होतो त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा धुतलेला होता.

आपल्याला वाटतं साबण आला आणि सगळीकडे स्वच्छता आली. विलायतेहून सनलाइट साबणाच्या पेट्या १८८८ मध्ये कलकत्त्याच्या बंदरात उतरल्या आणि पुढच्या पन्नास-साठ वर्षांत वडी घरोघर पोचली. पण खारेपाटापुरतं बोलायचं तर जुने उपाय साबणापेक्षा बरे होते. रिठ्याचा फेस खनिजांच्या पाण्यातही टिकतो, कारण त्यातलं द्रव्य कॅल्शियमशी जुळून साका धरत नाही. म्हणून आजी चांगली लुगडी पेणच्या बाजारातून आणलेल्या रिठ्यांनीच धुवायची. खोबरेल तेलाचा साबणही खाऱ्या पाण्यात बरा चालतो, खलाशांसाठी तसा साबण मुद्दाम बनवत. पण रोजच्या कपड्यांना रिठे आणि खोबरेल कुठून परवडणार? मग धुण्याचा सोडा. सोडा आधी टाकला की पाण्यातलं कॅल्शियम खाली बसतं आणि साबणाला थोडा वाव मिळतो. साध्या मिठापुढे मात्र सोड्याचंही काही चालत नाही. आणि तो हात खातो. आजीच्या बोटांच्या पेरांना कायम भेगा असायच्या. मिठागरात काम केलेल्या शेजारणींच्या पायांनाही तशाच. आम्ही मुंबईची मुलं तिचा खरखरीत हात गालावरून फिरला की तोंड वाकडं करायचो.

आता खाडीच्या चिखलाचं. हा चिखल काळाकुट्ट, आणि वास असा की एकदा घेतला तर विसरत नाही. त्या काळेपणात लोखंड आणि गंधक असतं. कपड्यावर वाळला, हवा लागली, की तेच लोखंड गंजतं आणि काळ्याचा तांबूस डाग होतो. आमचे आजोबा सांगायचे, ओहोटी असली की होडीतून उतरून चिखल तुडवतच काठ गाठायचा, धोतराचा काचा वर खोचून आणि वहाणा हातात घेऊन. तरी डाग लागायचाच.

आजीची पद्धत ठरलेली. ओला चिखल चोळायचा नाही, चोळला की तो धाग्यात शिरतो. पूर्ण वाळू द्यायचा, मग झटकायचा. मग साध्या पाण्यातून काढायचा. साबण-सोडा आधी अजिबात नाही, त्याने गंज पक्का बसतो. उरलेल्या तांबूस डागावर लिंबू आणि मीठ चोळून उन्हात ठेवायचं, नाहीतर परसातली बिंबलं ठेचून लावायची. आंबट फळांतलं आम्ल गंज विरघळवतं आणि बिंबलात ते भरपूर. मग लगेच धुऊन काढायचं, नाहीतर आम्ल कापडही खातं. आजीला यातलं रसायन ठाऊक नव्हतं, क्रम मात्र बिनचूक ठाऊक होता. आजही पांढऱ्या कपड्यावरच्या गंजाच्या डागावर आपण थेट ब्लीच ओततो आणि डाग कायमचा करून बसतो!

वहाणांचंही तसंच. चामडं खाऱ्या पाण्यात भिजून वाळलं की वर पांढरी रेघ उमटते. ते मीठ बाहेर येत असतं. ओल्या फडक्याला थोडं लिंबू लावून ते पुसायचं, वहाण सावलीत वाळवायची आणि वर एरंडेलाचा हात फिरवायचा. उन्हात ठेवली की चामड्याला भेगा पडल्याच म्हणून समजा. शाळेच्या कॅनव्हासच्या बुटांवर इलाज एकच, खडू. डाग जात नव्हता, दिसत नव्हता.

काही डागांना मात्र कुणाचाच इलाज नव्हता. केळीचा चीक, काजूचा चीक, आणि बिब्बा. यातल्या बिब्ब्याची गोष्ट मला फार आवडते. बारा बलुतेदारांपैकी परीट. डाग काढणं हाच त्यांचा धंदा, पण गावभरचे कपडे एकत्र भट्टीला लावल्यावर कुणाचं कुठलं ते ओळखायचं कसं? तर कोपऱ्यात बिब्ब्याच्या तेलाची खूण करायची आणि त्याला चुना लावायचा. कापड फाटेल पण ती खूण जायची नाही. डाग काढणाऱ्यालाच न जाणाऱ्या डागाची गरज होती! या परीट समाजातच १८७६ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावला गाडगेबाबा जन्मले. स्वतः चिंध्या पांघरून त्यांनी आयुष्यभर गावंच्या गावं झाडली. कपड्यावरून माणूस ओळखू नये, याचं याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

मग आली पावडर. सर्फ भारतात १९५९ मध्ये आलं. हा साबण नव्हे, डिटर्जंट. त्याचा खाऱ्या-जड पाण्यात साका होत नाही. म्हणजे खारेपाटाला हवी होती तीच वस्तू, फक्त किंमत खारेपाटाची नव्हती. १९६९ मध्ये अहमदाबादला करसनभाई पटेलांनी घराच्या मागे निरमा बनवून सायकलवरून विकायला सुरुवात केली, सर्फच्या निम्म्याहूनही कमी किमतीत. ती पुडी धरमतरच्या किराणा दुकानात पोचायला आणखी काही वर्षं लागली. आत्याकडे ती १९८५-८६ मध्ये आली असं ती सांगते. म्हणजे त्या शर्टाला वर्ष-दोन वर्षं उशीरच झाला. त्याच सुमारास टीव्हीवर कविता चौधरींची ललिताजी सस्त्या आणि चांगल्या वस्तूतला फरक समजावून सांगत होती. आणि २००५ च्या सुमारास जाहिराती सांगू लागल्या की डाग चांगले असतात. असतील बुवा. घरात नळ असेल तर डागांचं कौतुक परवडतं.

कारण पावडरीलाही खळबळायला पाणी लागतंच. पाणी कुणाला आणि कुणाला नाही, यावरून याच जिल्ह्यात महाडला २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचा सत्याग्रह केला. आधी माणसांना पाण्यापासून लांब ठेवायचं आणि मग त्यांनाच अस्वच्छ म्हणायचं, ही आपल्याकडची फार जुनी रीत. खारेपाटाची गोष्ट आणि ती गोष्ट एक नाही, त्यांची तुलनाही करत नाही. पण मी चाळीत विचारलेला प्रश्न त्याच रीतीतला होता, एवढं आता कळतं. पेण तालुक्यात हेटवणे धरण झालं, त्याचं पाणी नवी मुंबईला गेलं, आणि धरणाच्याच तालुक्यातल्या खारेपाटाच्या गावांना उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागली. त्यासाठी मोर्चे निघाले ते बायकांचे, डोक्यावर हंडे घेऊन.

गेल्या पावसाळ्यात आत्याकडे गेलो होतो. पुलावरून जाताना खाडीत कोळशाच्या आणि लोहखनिजाच्या बार्ज दिसतात. बंदर आहेच, माल बदलला. आत्या आता थकली आहे. घरात वॉशिंग मशीन आहे, तरी पागोळ्यांखाली निळं पिंप लावलेलं. म्हटलं, "आत्या, हे कशाला गं आता?" तर म्हणते, "पांढऱ्या कपड्यांना. पावसाच्या पाण्यासारखं पाणी नाही."

आत्तेभाऊ ओट्यावर बसला होता. धीर करून विचारलं, तुला तो शर्ट आठवतो का रे, मी पोरांसमोर काहीतरी बोललो होतो? तो म्हणाला, "कुठला शर्ट? मला तुमच्या मोरीतला नळ आठवतो. किती वेळ सोडून ठेवला होता मी, आणि मामी एका शब्दाने ओरडली नाही."

खरंच विसरला होता की मला सोडून दिलं, ठाऊक नाही. मी पुढे विचारलं नाही.

तुमच्या घरी असे जुने उपाय असतील तर जरूर कळवा. आणि केळीच्या चिकाचा डाग घालवायची खात्रीची युक्ती कुणाकडे असेल तर आत्याला हवी आहे.