तालमीचे नियम आणि आपल्या मुली

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असे चिटणीसबाईंनी सांगितले आणि मी विषय सांगितला तेव्हा त्या हसल्या. “काकू, तालमीवर तुम्ही काय लिहिणार?” असे त्यांचे म्हणणे. त्यांचे हसणे रास्तच होते. आजवर या पानांत मी लिहिले ते पापडांच्या उद्योगावर, नाहीतर मंगळागौरीच्या खेळांवर. लाल मातीत पाय ठेवण्याचा प्रसंग माझ्यावर जन्मात आलेला नाही. परंतु गेल्या वर्षी संक्रांतीनंतर आपल्या मंडळाने शहापुरात मुलींसाठी लाठीकाठीचा वर्ग काढला. त्याचे नियम ठरवण्यासाठी आपली सभा लागोपाठ दोन संध्याकाळी चालली, हे भगिनींना आठवत असेल. त्या सभेत मी जे बोलले तेही आठवत असेल. त्याचे प्रायश्चित्त म्हणा हवे तर, पण त्यानंतर मी तालमींचा इतिहास वाचू लागले. जे हाती लागले ते येथे मांडते.

माझे माहेर मुरबाड तालुक्यातले. गावात मारुतीच्या देवळाला लागून कुडाच्या भिंतींची एक लहानशी तालीम होती. आत कुस्तीचा हौदा, एका कोपऱ्यात मुद्गलांची जोडी, आणि कोनाड्यात शेंदूर लावलेला मारुती. माझे धाकटे काका तेथे जात. पहाटे त्यांच्यासाठी दुधाचा तांब्या नेण्याचे काम माझ्याकडे होते. मी तेव्हा आठनऊ वर्षांची असेन. वस्ताद म्हणजे गावातलेच एक म्हातारे शेतकरी. ते आतूनच ओरडत, “पोरी, तांब्या उंबऱ्याबाहेर ठेव.” मी ठेवी, पण लगेच परतत नसे. कुडाला कान लावून जे ऐकले, त्यावरून तालमीचे नियम काकांच्या आधी मला पाठ झाले.

ते नियम असे. उजाडायच्या आत हजर व्हायचे. उशीर झाला तर दारातच पन्नास बैठका. वहाणा बाहेर. मातीला हात लावून तो कपाळाला लावायचा, मगच हौद्यात उतरायचे. नखे काढलेली हवीत. अंगाला खरूज-गजकर्ण झाले असेल तर बरे होईपर्यंत बाहेर बसायचे. हौदा खणण्याची पाळी सर्वांना, पाटलाच्या मुलालासुद्धा. लहान पठ्ठ्याशी खेळताना मोठ्याने आपला जोर राखायचा. वस्तादांना विचारल्यावाचून जत्रेच्या फडात कुस्ती धरायची नाही. आणि शेवटचा नियम सर्वांत कडक: तालमीबाहेर कोणावर हात टाकायचा नाही.

लहानपणी मला हे नुसते म्हाताऱ्याचे लहरी हुकूम वाटत. आता कळते की प्रत्येकामागे कारण होते. हौद्यातील लाल मातीत तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर घालतात आणि ती वारंवार खणतात. माती भुसभुशीत राहिली तर पडणाऱ्याचे हाड वाचते. म्हणजे खणणारा जो घाम गाळतो तो आपल्या जोडीदारासाठी. नखांचा आणि खरजेचा नियमही दुसऱ्याच्या अंगाची काळजी घेणारा. जोर राखण्याचा नियम नसता तर दुबळी मुले चार दिवसांत पळून गेली असती आणि तालमीत दांडगेच उरले असते. शेवटचा नियम तर मी पाळला जाताना पाहिला. मुरबाडच्या बाजारात काकांनी एकाच्या थोबाडीत मारली. वस्तादांनी चौकशी केली आणि काकांना महिनाभर मातीत उतरू दिले नाही. रोज पहाटे यायचे, देवळाचे अंगण झाडायचे आणि इतरांची मेहनत पाहत बसायचे, एवढेच. काका पुढे म्हणत की, डाव मी दोन वर्षे शिकलो, पण तालीम त्या महिन्यात शिकलो.

ही शिस्त आपल्याकडे फार जुनी आहे. बाराव्या शतकातील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मल्लविद्येचे एक स्वतंत्र प्रकरणच आहे. (त्याची राजधानी कल्याणी, आपले ठाणे जिल्ह्यातील कल्याण नव्हे.) मल्लांची प्रतवारी कशी करावी, त्यांना आहार कोणता द्यावा, मेहनत कोणती घ्यावी, हे त्यात सांगितले आहे, आणि खांबावरच्या व्यायामाचाही उल्लेख आहे. पुढे मल्लखांबाला नवे जीवन दिले ते पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधर यांनी. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात बाहेरून आलेल्या मल्लांनी आव्हान दिले, ते बाळंभटदादांनी स्वीकारले, पण आधी तयारीसाठी मुदत मागून घेतली आणि ते वणीच्या सप्तशृंगीच्या उपासनेला गेले, अशी आख्यायिका आहे. मला त्या कथेतील मुदत मागून घेणे फार आवडते. तयारीवाचून उडी घ्यायची नाही, हाही तालमीचाच एक नियम.

पुण्यात लहुजी वस्ताद साळवे यांची तालीम होती. ते मातंग समाजातले. त्या काळी शिवाशीव केवढी कडक होती, हे आपण जाणतोच. तरी त्यांच्याकडे वरच्या म्हणवणाऱ्या जातींतील तरुणही शिकावयास येत. महात्मा फुले यांनी दांडपट्टा आणि निशाणबाजी त्यांच्याकडेच शिकल्याचे स्वतः लिहून ठेवले आहे. पुढे 1848 साली फुले दांपत्याने मुलींची शाळा काढली, तेव्हा वस्ताद त्यांच्या पाठीशी उभे राहिले. लहुजींची नात म्हणून ओळखली जाणारी मुक्ता साळवे फुल्यांच्या शाळेत शिकली आणि 1855 साली तिने मांग-महारांच्या दुःखावर लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदया’त छापून आला. लाठी शिकवणाऱ्याच्या घरातून लेखणी धरणारी मुलगी निघाली, ही गोष्ट मला वाचनात सर्वांत मोलाची वाटली.

इंग्रज सरकारने 1878 साली हत्यारांचा कायदा केला. परवान्यावाचून शस्त्र बाळगणे गुन्हा ठरले. आखाड्यांत मग लाठी, बोथाटी आणि लाकडी जंबियावर भर राहिला. विसाव्या शतकात तालमीला नवे रूप आले. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 सालचे, पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ 1924 चे, दादरचे समर्थ व्यायाम मंदिर 1925 चे. अमरावतीच्या मंडळाचे पथक तर 1936 साली बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकार दाखवून आले. वस्तादांच्या तोंडी असलेले नियम अशा संस्थांत कागदावर आले. हजेरीपट, गणवेश, वेळापत्रक आणि वर्गणी आली. याचा एक मोठा फायदा झाला. तोंडी नियम वस्तादांच्या मर्जीवर फिरतो. भिंतीवर लावलेला नियम वस्तादांनाही वाचावा लागतो.

आता उंबऱ्याच्या नियमाकडे येते. तालमीत बाईमाणसाने येऊ नये, हा नियम मी कुडाबाहेरून ऐकला. परंतु इतर नियमांना जसे कारण सापडते तसे याला सापडत नाही. ती विद्या बाईच्या हाती टिकत नाही म्हणावे, तर बिठूरला वाढलेली मनकर्णिका घोडा आणि तलवार शिकली आणि झाशीची राणी झाली. हे काही आपल्याच देशाचे नाही. जपानात जिगोरो कानो यांनी 1882 साली ज्युदोची शाळा काढली. नव्या विद्यार्थ्याला तेथे शपथपत्रावर सही करावी लागे. कारणावाचून शिक्षण सोडणार नाही, शाळेच्या नावाला बट्टा लावणार नाही, परवानगीवाचून कोणाला शिकवणार नाही, अशी त्यातील कलमे. आपल्या वस्तादांनी ती वाचली असती तर मान डोलावली असती. याच शाळेतील केइको फुकुदा नावाच्या बाई 1953 साली पाचव्या श्रेणीला पोचल्या. बाईला त्याहून वरची श्रेणी द्यायची नाही, असा तेथे दंडक होता. सहावी मिळायला 1972 साल उजाडले. अखेर 2011 साली, वयाच्या 98 व्या वर्षी, अमेरिकेतील ज्युदो संघटनेने त्यांना सर्वोच्च दहावी श्रेणी दिली. आपल्याकडे महाराष्ट्र केसरीची कुस्ती 1961 साली सुरू झाली. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी सांगलीला झाली ती 2023 साली. ती सांगलीच्याच प्रतीक्षा बागडी हिने जिंकली. मध्ये बासष्ट वर्षे गेली. तेव्हा मी असे समजते की, तालमीचे काही नियम विद्येचे असतात आणि काही नुसते दाराचे. विद्येचे नियम जपावेत. दाराचे नियम तपासून पाहावेत.

हे शहाणपण मला त्या सभेत मात्र नव्हते. “मुलींनी लाठी शिकून करायचे काय? उद्या सोयरीक जमवताना कोण विचारील?” असे मीच उभी राहून म्हणाले आणि विरोधात हात वर केला. ठराव माझ्या मताविरुद्ध मंजूर झाला. पुढे दोन महिन्यांनी आमच्या आळीतली एक मुलगी वर्गात येऊ लागली. अकरावीत असताना ती आसनगावहून लोकलने कल्याणला कॉलेजात जात असे आणि दिवाळीनंतर अचानक घरी बसली होती. अभ्यासात तिचे लक्ष नाही, असे आम्ही सगळ्या म्हणत होतो. खरे कारण तिने वर्गातील मुलींना सांगितले. संध्याकाळी स्टेशनवरून येताना एक टोळके तिच्या मागे लागे. घरी सांगितले तर कॉलेज बंद होईल, या भीतीने तिने सांगितले नाही. आणि शेवटी सहन होईना म्हणून स्वतःच बंद केले. तिची परवानगी घेऊन हे लिहिते आहे. माझ्या दारावरून ती रोज जात होती, आणि मी तिला काय म्हणत होते ते मला आठवते.

त्यानंतर आपण नियमांचा कागद पुन्हा लिहिला. वेळेवर येणे, लाठीला नमस्कार, दिवाणखाना झाडण्याची पाळी, धाकटीशी खेळताना जोर राखणे, हे सर्व जुन्या तालमीतलेच ठेवले. अडचणीच्या दिवसांत मुलीने कारण न सांगता बसून मोजणी करावी, हे नवे घातले. पहिले शिक्षक चुकणाऱ्या मुलीच्या पोटरीवर छडी मारीत. ते बंद करा म्हटल्यावर त्यांनी येणे सोडले. आता बाई शिकवतात, तरीही वर्ग चालू असताना मंडळाच्या दोघीजणी तेथे बसतातच. वयाची अट काढून टाकली. आपल्याच मुरबाड तालुक्यात फांगणे गावी 2016 साली आजीबाईंची शाळा निघाली आणि गुलाबी साडीचा गणवेश करून आज्या पाटीवर अक्षरे गिरवू लागल्या. तेव्हा साठीच्या बाईला काठी धरू नका असे कोणत्या तोंडाने सांगायचे?

शेवटचे कलम मुलींसाठी नाही, घरच्यांसाठी आहे. स्टेशनच्या रस्त्यावर मुलीच्या हाती काही लाठी नसते. धोका दिसला तर ओरडावे, पळावे, माणसांत यावे आणि त्याच दिवशी सांगावे, असे बाई शिकवतात. पण सांगितल्यावर घरच्यांनी तिलाच कोंडले, तर शिकवलेले सर्व फुकट जाते. म्हणून प्रवेशपत्रावर पालकांनी लिहून द्यायचे असते की, मुलीने त्रासाची तक्रार केली या कारणावरून आम्ही तिचे शिक्षण बंद करणार नाही. दोन घरांनी सही करण्यास नकार दिला; त्यांपैकी एकाने पुढे केली. दुसऱ्या घरी आपण अजून जातो आहोत.

ती मुलगी यंदा बारावीला बसली आहे. माझ्या नातीचे प्रवेशपत्र घरात आले तेव्हा मुलगा म्हणाला, “आई, सही तूच कर.” मी चष्मा लावून सगळी कलमे वाचली आणि सही केली. वर्ग मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता असतो. ज्या भगिनींच्या घरी मुली आहेत त्यांनी एकदा येऊन पाहावे. वहाणा बाहेर काढाव्यात, आणि उंबऱ्याच्या आत यावे.