दोन मँचेस्टर, एक पतंग

इचलकरंजीला 'महाराष्ट्राचे मँचेस्टर' म्हणायची आपल्याला इतकी सवय झाली आहे की मूळ मँचेस्टरचे पुढे काय झाले, हे कुणी विचारत नाही. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग आणला, जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपड्यांचे पाठबळ मिळाले आणि गाव मागांच्या खडखडाटावर वाढत गेले. इंग्लंडातल्या मँचेस्टरच्या गिरण्या तेव्हा शंभरी ओलांडून बसल्या होत्या. तिथल्या कापडाची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. मला सांगायची आहे ती एका पतंगाची. दिव्याभोवती फिरणाऱ्या, मांज्याच्या नव्हे.

हा पतंग पांढरा असतो, अंगावर मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके. दिवसा तो दगडफुलाने मढलेल्या झाडांवर गप्प बसून राहतो आणि पाखरांना दिसत नाही. गिरण्यांच्या धुराने दगडफूल मेले, झाडांवर काजळी चढली. १८४८ साली मँचेस्टरात या जातीचा एक पूर्ण काळा पतंग सापडला. १८९५ पर्यंत त्या भागातले शंभरातले ९८ पतंग काळे झाले होते. काळा रंग देणारा जनुकातला बदल साधारण १८१९ च्या सुमारास घडला असावा, असा हिशोब २०१६ मध्ये संशोधकांनी मांडला. म्हणजे बदल एखाददुसऱ्या पतंगात झाला होता, धुराने फक्त त्याला बरकत दिली. काळा पतंग काजळीवर लपला, पांढरा पाखरांच्या चोचीत गेला.

इथे आपल्या वाचकांपैकी कुणीतरी अल-जाहिझचे नाव काढणारच. व्हॉट्सअ‍ॅपवर दर सहा महिन्यांनी फिरते, 'डार्विनच्या हजार वर्षे आधी मुस्लिम शास्त्रज्ञाने उत्क्रांती सांगितली.' जरा थांबूया. बसऱ्याचा हा लेखक नवव्या शतकातला. तरुणपणी तो कालव्याकाठी मासे विकत असे, असे सांगतात. त्याचा 'किताब अल-हयवान' सात भागांचा आहे. कोण कुणाला खातो, कोण कुणापासून लपतो, यावर त्यात बारीक निरीक्षणे आहेत. दुसऱ्या एका ग्रंथात तो बनू सुलैम टोळीच्या 'हर्रा'चे वर्णन करतो. हर्रा म्हणजे ज्वालामुखीच्या काळ्या दगडांचा माळ, आपल्या दख्खनच्या पाषाणाची आठवण करून देणारा. तिथली हरणे, शहामृग, कोल्हे, किडेसुद्धा काळे, असे तो म्हणतो. मँचेस्टरच्या पतंगाशेजारी ठेवावे असेच हे निरीक्षण. पण कारण तो जमिनीच्या आणि पाण्याच्या गुणात शोधतो. कोण खाल्ला गेला, कोण वाचला, याचा हिशोब तो रंगाशी जोडत नाही, आणि डार्विनचे सूत्र त्या जोडणीत आहे. जाहिझ डार्विन नव्हता. तो जाहिझ होता, हे कमी आहे का?

तो हिशोब केला जे. बी. एस. हाल्डेन यांनी. १९२४ साली त्यांनी आकडेमोड करून दाखवले की इतक्या वेगाने रंग पालटायचा असेल, तर काळ्या पतंगाची पिल्ले पांढऱ्याच्या साधारण दीडपट जगली पाहिजेत. हेच हाल्डेन पुढे १९५७ मध्ये भारतात आले, इथले नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. १९२७ च्या एका निबंधात त्यांनी चार कोटी वर्षांनंतरचा काळ रंगवला. पृथ्वी संपते आणि माणसाची बदललेली जात शुक्रावर जाते. पुढे १९८१ मध्ये डुगल डिक्सन या स्कॉटिश लेखकाने पाच कोटी वर्षांनंतरच्या प्राण्यांचे अख्खे पुस्तक काढले. त्यात माणूस नाही. सशांच्या वंशजांनी हरणांची जागा घेतली आहे, उंदरांच्या वंशजांनी वाघ-लांडग्यांची. चित्रे गमतीची आहेत, पण मागचा तर्क कडक आहे. उद्याचे प्राणी आज जे उरतील त्यांच्यातूनच होणार.

मग आपल्या मँचेस्टरमध्ये काय उरते आहे? आपले मागरहाट विजेवर चालते, त्यामुळे आपली काजळी झाडावर नाही, पाण्यात आहे. कोल्हापूरचे सांडपाणी, साखर कारखान्यांचे मळीमिश्रित पाणी आणि काळ्या ओढ्यातून येणारे आपल्या प्रोसेसचे रंगीत पाणी, सगळे पंचगंगेत. २०१२ च्या उन्हाळ्यात शहरात काविळीची साथ आली, माणसे दगावली. तेरवाड बंधाऱ्याला मासे पांढरी पोटे वर करून तरंगतात. अशा पाण्यात तग धरतात ते बाहेरून आणलेले चिलापी आणि आफ्रिकन मांगूर. मांगूर तर वर येऊन हवेतूनच श्वास घेतो. चिलापीच्या कुळातल्या माशांनी आफ्रिकेच्या व्हिक्टोरिया सरोवरात सुमारे पंधरा हजार वर्षांत पाचशेच्या आसपास जाती घडवल्या. म्हणजे डिक्सनच्या पद्धतीने कृष्णाखोऱ्याचे भविष्य रंगवायचे तर वांब, मरळ विसरा. चिलापीची नातवंडे-पतवंडे मोजा.

'निसर्ग जुळवून घेतो' असे म्हणणारे अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या किलीफिशचे उदाहरण देतात. विषारी खाड्यांत हा छोटा मासा इतर माशांच्या तुलनेत ८,००० पटींपर्यंत विष पचवतो. खरे आहे. पण त्याची संख्या अफाट आणि जनुकांतली विविधता दांडगी, म्हणून त्याला जमले. ज्या माशाची शे-दोनशे डोकी उरली, त्याच्यात निवडीला वावच नसतो. तो बदलत नाही, संपतो.

मँचेस्टरच्या पतंगाचा दुसरा अंक फारसा सांगितला जात नाही. १९५२ मध्ये लंडनमध्ये धुराने हजारो माणसे मेली, १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला. झाडांची काजळी धुऊन निघाली, दगडफूल परतले आणि पतंग पुन्हा पांढरे झाले. आज तिथे काळा पतंग क्वचित दिसतो. ते पांढरे परत येऊ शकले कारण शहराबाहेर, धूर न पोचलेल्या रानात त्यांचे भाऊबंद शिल्लक होते. पंचगंगेत तसे रान म्हणजे वरच्या अंगाच्या कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती. तिथली वांब अजून तिथे आहे तोवर खाली तेरवाडपर्यंत येण्याची वाट मोकळी आहे, मधले पाणी तेवढे पोहण्याजोगे हवे.