विक्रीकर सुधारणा : भार हलका, पण वजावटीची वाट बिकट

विशेष प्रतिनिधी, मुंबई

कराचा दर किती, यापेक्षा तो किती वेळा आणि कशावर आकारला जातो, हे उद्योगांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे असते. समजा, १०० रुपयांच्या कच्च्या मालावर १० टक्के कर लागला. कारखानदाराने ४० रुपयांची भर घालून पुन्हा कर भरला आणि व्यापाऱ्याने ३५ रुपये वाढवून तिसऱ्यांदा. असा १७५ रुपयांचा माल ग्राहकाला २२० रुपयांना पडतो. आधी भरलेल्या कराची वजावट मिळाली, तर त्याच मालाची किंमत १९२ रुपये ५० पैसे होते. दर तोच राहतो, मात्र कर ४५ रुपयांवरून साडेसतरा रुपयांवर येतो.

व्हॅटपासून जीएसटीपर्यंत

वजावटीचे हे तत्त्व १९५४मध्ये फ्रान्सने मूल्यवर्धित कराच्या रूपाने स्वीकारले. महाराष्ट्रात १ एप्रिल २००५ रोजी १९५९च्या मुंबई विक्रीकर कायद्याची जागा मूल्यवर्धित कराने अर्थात 'व्हॅट'ने घेतली. तरीही आंतरराज्य खरेदीवरील केंद्रीय विक्रीकराची वजावट मिळत नव्हती. उत्पादन शुल्क आणि सेवाकराचे हिशेब व्हॅटपासून वेगळे होते. १ जुलै २०१७ रोजी वस्तू आणि सेवा कर अर्थात 'जीएसटी' लागू झाला आणि हे कर एका साखळीत आले. मुंबईतील जकातही त्याच दिवशी संपली.

नवनिर्मितीशी संबंध

खरेदीवर भरलेला कर परत मिळत नसेल, तर सुटे भाग बाहेरून घेण्याऐवजी सारे काही स्वतःच्याच छताखाली बनविण्याकडे उद्योगांचा कल वाढतो. एकाच कामात प्रावीण्य मिळविणाऱ्या छोट्या कारखान्यांना त्यामुळे वाव उरत नाही. नव्या यंत्रावरील कर किमतीत मुरला, तर जुन्या यंत्रावरच भागविले जाते. वजावटीने हे दोन्ही अडसर बरेच कमी केले.

अडचणी कोठे?

नवउद्योगाला सुरुवातीला यंत्रे, आरेखन आणि चाचण्यांवर खर्च करावा लागतो. विक्री मात्र नंतर होते. तोवर वजावट नुसती साठत राहते. कच्च्या मालावरील दर तयार मालापेक्षा जास्त असेल, तर परतावा मिळतो. परंतु तो केवळ वस्तूरूपी कच्च्या मालापुरता. सेवांवरील करासाठी असा परतावा मागता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१मध्ये स्पष्ट केले. यंत्रसामग्रीवरील करही या सूत्राबाहेर आहे. २२ सप्टेंबर २०२५पासून ५ आणि १८ टक्के हे दोन मुख्य दर ठेवण्यात आले. मात्र ज्या मालाचा दर ५ टक्के आणि कच्च्या मालाचा १८ टक्के, तेथे ही तफावत उरतेच.

छोट्यांची कोंडी निराळीच आहे. दीड कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्यांना आपसमेळ योजनेत ठोक कर भरून सुटता येते. मात्र, त्यांच्याकडून माल घेणाऱ्या कंपनीला वजावट मिळत नाही. साहजिकच ती दुसरा पुरवठादार शोधते. पेट्रोल, डिझेल आणि वीज तर अद्याप जीएसटीबाहेरच आहेत. त्यांवरील कर खर्चातच जमा होतो.

सुधारणेचे यश म्हणूनच केवळ दरकपातीने मोजता येणार नाही. भरलेला कर उद्योजकाच्या हाती किती लवकर परततो, यावर त्याचे पुढचे यंत्र आणि पुढचा प्रयोग अवलंबून आहे.