टीसाइड

टीसाइड : इंग्लंडच्या ईशान्य भागातील, उत्तर समुद्राच्या काठावरचा औद्योगिक प्रदेश. पेनाइन डोंगररांगेतील क्रॉस फेल येथे उगम पावणारी टीस नदी सुमारे १३७ किमी. वाहत येऊन येथे समुद्राला मिळते. नदीमुखाच्या उत्तरेस हार्टलपूल व दक्षिणेस रेडकार ही किनारी गावे, तर आत नदीकाठी मिडल्सबरो, स्टॉकटन, थॉर्नबी आणि बिलिंगहॅम वसलेली आहेत.

उद्योगांचा उदय : १८०१ च्या शिरगणतीत मिडल्सबरोची लोकसंख्या अवघी २५ होती. स्टॉकटन–डार्लिंग्टन लोहमार्ग (१८२५) डरॅमचा कोळसा जहाजांवर चढवण्यासाठी १८३० मध्ये येथवर आणण्यात आला. १८५० मध्ये एस्टन टेकड्यांत लोहखनिजाचा मोठा साठा सापडला आणि हेन्री बोल्को व जॉन व्हॉन यांच्या भट्ट्यांभोवती शहर झपाट्याने वाढले. शतकाअखेर लोकसंख्या ९० हजारांवर गेली. बोल्को हेच शहराचे पहिले महापौर आणि पहिले खासदार झाले. कारखाना, नगरपालिका आणि संसदेतील प्रतिनिधित्व ही तिन्ही त्या काळी गावातल्याच माणसांच्या हाती होती. पुढे डॉरमन लाँग कंपनीने सिडनी हार्बर पूल (१९३२) उभारला. त्याचे बरेचसे पोलाद टीसाइडचे आहे. आयसीआय कंपनीच्या बिलिंगहॅम आणि विल्टन (१९४९) येथील कारखान्यांनी रसायन उद्योगाची जोड दिली.

पोलादाचा ऱ्हास : १९६७ मध्ये पोलाद उद्योगाचे राष्ट्रीयीकरण झाले. सरकारी मालकीच्या काळात, १९७९ मध्ये, रेडकारची प्रचंड झोतभट्टी पेटली. १९८८ मध्ये थॅचर सरकारने उद्योगाचे खासगीकरण केले. १९९९ मध्ये डच कंपनीशी विलीनीकरण होऊन कोरस कंपनी निर्माण झाली आणि २००७ मध्ये मुंबईत मुख्यालय असलेल्या टाटा स्टीलने ती विकत घेतली. जागतिक मंदीत पोलादाच्या मोठ्या ग्राहकांनी दीर्घ मुदतीचा करार मोडला आणि फेब्रुवारी २०१० मध्ये भट्टी थंडावली. थायलंडच्या सहविरिया कंपनीने २०११ मध्ये कारखाना घेऊन पुढच्या वर्षी भट्टी पुन्हा पेटवली. पोलादाचे जागतिक भाव कोसळल्यावर ऑक्टोबर २०१५ मध्ये ती कायमची विझली; सुमारे २,२०० कामगारांची नोकरी गेली. या भागातील लोखंड-पोलाद निर्मितीची दीडशेहून अधिक वर्षांची परंपरा तेथे खंडित झाली. कारखाना वाचवण्यास सरकार पुढे आले नाही, याची सल कामगार वस्त्यांत खोल रुतली आहे आणि ती रास्त आहे.

राजकारण : प्रदेशाचा प्रशासकीय आराखडाही लंडनहून वारंवार बदलला गेला. १९६८ मध्ये टीसाइड नगरप्रशासन, १९७४ मध्ये क्लीव्हलँड परगणा, १९९६ मध्ये चार स्वतंत्र स्थानिक परिषदा आणि २०१६ मध्ये डार्लिंग्टनसह टीस व्हॅली संयुक्त प्राधिकरण, असे हे टप्पे आहेत. रेडकार मतदारसंघ १९७४ पासून मजूर पक्षाचा बालेकिल्ला होता. भट्टी थंडावल्यावर तो २०१० मध्ये लिबरल डेमोक्रॅट, २०१५ मध्ये पुन्हा मजूर, २०१९ मध्ये हुजूर आणि २०२४ मध्ये परत मजूर पक्षाकडे गेला. २०१६ च्या सार्वमतात युरोपीय संघ सोडण्याच्या बाजूने हार्टलपूलमध्ये ६९.६, रेडकार-क्लीव्हलँडमध्ये ६६.२ आणि मिडल्सबरोमध्ये ६५.५ टक्के मते पडली. येथील रसायन उद्योगाला युरोपची बाजारपेठ मोलाची असूनही हा कौल आला. त्याकडे केवळ परकीयांविषयीचा राग म्हणून पाहणे अपुरे आहे. आपल्या गावाचे निर्णय आपल्याला न विचारता होतात, हा अनुभव त्यामागे होता. हुजूर पक्षाचे बेन हाउचेन २०१७ मध्ये प्रदेशाचे पहिले निर्वाचित महापौर झाले. तोट्यातील विमानतळ त्यांनी २०१९ मध्ये सार्वजनिक मालकीत परत आणला. २०२१ मध्ये त्यांना जवळपास ७३ टक्के, तर २०२४ मध्ये सुमारे ५४ टक्के मते मिळाली.

पुनर्विकास : २०२१ मध्ये येथे मुक्त बंदर सुरू झाले. झोतभट्टी नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरुंग लावून पाडण्यात आली. जुन्या पोलाद कारखान्याच्या जमिनीवर समुद्रातील पवनचक्क्यांसाठी पोलादी खांब बनवणारा कोरियन कंपनीचा कारखाना उभा राहिला असून कार्बन पकडून समुद्रतळाखाली साठवणाऱ्या वीजकेंद्राचा प्रकल्पही हाती घेण्यात आला आहे. मात्र पुनर्विकास कंपनीतील ९० टक्के हिस्सा खासगी विकासकांकडे गेल्याने वाद झाला. जानेवारी २०२४ च्या स्वतंत्र चौकशी अहवालाला भ्रष्टाचाराचा पुरावा आढळला नाही; पण कारभारातील अपुऱ्या पारदर्शकतेवर त्याने स्पष्ट बोट ठेवले.

किनारा व निसर्ग : भट्ट्यांच्या मळीचा वापर करून बांधलेली साउथ गेअर ही लाटारोधक भिंत (१८८८) नदीमुखाचे रक्षण करते, तिच्या आडोशाला मच्छीमारांच्या होड्या व झोपड्या आहेत. सील सँड्सवर सील विसावतात, तर सॉल्टहोमच्या पाणथळीत असंख्य पक्षी येतात. २०२१ च्या शरद ऋतूत या किनाऱ्यावर खेकडे व शेवंडे मोठ्या संख्येने मेली. सरकारने आधी विषारी शैवालाकडे बोट दाखवले. स्वतंत्र तज्ज्ञ समितीने जानेवारी २०२३ मध्ये नव्या रोगजंतूची शक्यता अधिक मानली, पण ठाम निष्कर्ष काढला नाही. बंदरातील गाळउपशाने जुने विष वर आले, असा अनेक मच्छीमारांचा संशय कायम राहिला. नव्या उद्योगांना येथे जागा आहे, कसबी हातही आहेत. परंतु जमीन, नदी आणि नफा यांचा हिशेब स्थानिकांसमोर उघडपणे मांडला गेला, तरच हा पुनर्विकास त्यांना आपला वाटेल.