जीपच्या तारा

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं आपल्या सैन्यासाठी जीप काढली. विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून १९४१ ते १९४५ या काळात सहा लाखांहून जास्त गाड्या बनवल्या. त्यातल्या काही ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी हिंदुस्थानात आल्या आणि लढाई संपल्यावर इथंच राहिल्या. लष्करानं विकल्या, ठेकेदारांनी घेतल्या, आणि हात बदलत बदलत त्या खेड्यापाड्यांत पोचल्या. आमच्या वडलांनी १९६९ साली घेतली ती अशीच एक विलीज. गावात वीज आली १९७५ ला. हातातली बॅटरी सोडली, तर वस्तीवर विजेचा पहिला उजेड पडला तो या जीपचा. बाळंतिणीला रात्री तालुक्याला नेलं ते त्याच उजेडात.

ही गाडी मुळात सहा व्होल्टची. व्होल्ट कमी म्हणजे करंट जास्त. छत्तीस वॅटचा दिवा बारा व्होल्टवर तीन अँपिअर ओढतो, सहा व्होल्टवर सहा. म्हणून कंपनीनं तारा जाड घातल्या होत्या. पण तारेवरचं आवरण त्या काळचं, आत रबर आणि वर विणलेलं सूत. प्लॅस्टिकच्या तारांचा सुकाळ नंतरचा.

सहा व्होल्टची बॅटरी मिळेना, तेव्हा १९७१ ला वडलांनी गाडी बारा व्होल्टवर करून घेतली. डायनमो, कटआऊट, कॉईल, बल्ब बदलले. तारा त्याच राहिल्या. १९७७ च्या निवडणुकीत प्रचाराच्या लाऊडस्पीकरसाठी बॅटरीवरून थेट वायर ओढली. पुढं टेप आला, लग्नाच्या वरातीसाठी मोठा हॉर्न आला. प्रत्येकानं जुनी तार सोलली, नवी पिळली, वर काळी टेप गुंडाळली आणि पुढच्या कामाला लागला. गाडी चालत होती, मग कोण बघतंय?

२०१९ च्या पावसाळ्यात डॅशबोर्डामागून धूर निघाला. आयटीआय केलेला पुतण्या शेजारी होता, त्यानं उडी मारून बॅटरीची तार सोडवली म्हणून निभावलं. या जीपची पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. आपण पेट्रोलवर बसलेलो असतो आणि मागच्या दिव्याच्या तारा तिथूनच मागं जातात. घरात बोलणं सुरू झालं, आता भंगारात घाला. वडील जाऊन अकरा वर्षं झाली होती. त्यांची म्हणावी अशी तेवढीच वस्तू उरलेली.

तालुक्याच्या मिस्त्रींनी तारांची जुडी सोडली, बोटांनी एक तार वाकवली. रबराचा भुगा खाली पडला.

"आप्पा, तांबं अजून सोन्यासारखं हाय. वरचं कापड गेलंय. आन् बॅटरीपासनं हितवर एक फ्यूज न्हाई बघा."

त्यांनी सांगितलेली गोष्ट मला आधी नीट ठाऊक नव्हती. फ्यूज दिव्यासाठी नसतो, तारेसाठी असतो. तार तापायच्या आत फ्यूज जळला पाहिजे. म्हणून तो बॅटरीच्या जवळ, वीतभर अंतरावर हवा. दिव्यापाशी लावला तर मधल्या सगळ्या तारेला राखण कुणाची?

काम आठ दिवस चाललं. आधी बॅटरीची अर्थची तार काढली. ती आधी काढायची, कारण दुसरी सोडताना पाना बॉडीला लागला तरी ठिणगी पडत नाही. पुतण्यानं शाळेच्या वहीत नकाशा काढला, प्रत्येक तारेला चिठ्ठी बांधली आणि एकेक तार बदलली. नव्या तारा आतून प्लॅस्टिकच्या, वरून सुती विणीच्या घेतल्या, म्हणजे रूप जुनंच राहिलं. पिळलेले जोड काढून थिंबल दाबून बसवले. पत्र्याच्या भोकांत रबरी बूच घातले, कारण धावत्या गाडीत पत्र्याची कड तारेला करवतीसारखी कापते. मागच्या तारा टाकीपासून आणि सायलेन्सरपासून लांब नेऊन चासीला क्लिपांनी आवळल्या. बॉडीवरचा रंग खरवडून अर्थ पक्की केली. दोन्ही हेडलाईटना मिळून सहा अँपिअर लागतात, त्यांना दहाचा फ्यूज. हॉर्नला वेगळा, मागच्या दिव्यांना वेगळा. सेल्फच्या जाड केबलीला फ्यूज चालत नाही, ती एका दमात शेकडो अँपिअर ओढते. तिच्यासाठी बॅटरीपाशीच बंद करायचा खटका बसवला. गाडी गोठ्याशेजारी उभी राहते, रात्री खटका बंद.

जुन्या गाडीचे शौकीन म्हणतात, मूळ वस्तूला हात लावू नये. मला ते पटत नाही. बैलगाडीची धाव झिजली की आपण बदलतोच, आणि गाडी आज्याचीच राहते. लढाईतले झाकलेले दिवे मी तसेच ठेवलेत, शत्रूच्या विमानाला उजेड दिसू नये म्हणून केलेले. त्यांच्या तारा मात्र नव्या.

खरी खोड आपल्या हाताची आहे. विहिरीवरच्या मोटरीचा फ्यूज उडाला की आपण तांब्याची जाड तार पिळतो. गाडीत तर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणारेही मी पाहिलेत. मोटर सुरू होते, पाणी पडतं, आणि राखणदाराला आपणच हाकलून दिलंय हे ध्यानातही राहत नाही. फ्यूज उडाला तर तो का उडाला ते आधी शोधावं. दहाचा उडाला म्हणून तिसाचा घालू नये. जादा फ्यूज मी आता सीटशेजारी डबीत ठेवतो. नातू गाडीत बसायच्या आधी डबी उघडून बघतो, आणि मीही त्याला बघू देतो.