तळटीप : एमएमपी-१ची अँटिबॉडी

* एमएमपी-१ हे कोलॅजन तोडणारे एन्झाइम. बेडूकमाशाची शेपटी विरून जाते कशी, याचा माग काढताना जेरोम ग्रॉस व चार्ल्स लापिएर यांनी १९६२ साली अशा एन्झाइमची क्रिया दाखवून दिली. एमएमपी-१ कोलॅजनचा तिपेडी दोर ठरावीक जागी कापते. त्याचे पाऊण आणि पाव असे दोन तुकडे होतात. पेशी ते निष्क्रिय रूपात बाहेर सोडते. सुरुवातीचा भाग छाटला गेला की ते कामाला लागते. म्हणून वेस्टर्न ब्लॉटवर निष्क्रिय रूप सुमारे ५२ ते ५७ किलोडाल्टनपाशी, तर सक्रिय रूप त्याखाली, ४२ ते ४७च्या आसपास उमटते. अँटिबॉडी छाटल्या जाणाऱ्या भागालाच चिकटणारी असेल, तर सक्रिय रूप तिच्या हाती लागत नाही. शिवाय टिम्प हे रोधक प्रथिन एन्झाइमला जखडून बसलेले असले, तरी नमुना तयार करताना ते सुटते. पट्ट्यावरून त्याचा पत्ता लागत नाही. म्हणून प्रस्तुत प्रकरणातील ब्लॉटचे निष्कर्ष एन्झाइमच्या प्रमाणापुरते घ्यावेत; कोलॅजन प्रत्यक्षात किती तुटले, हे त्यांतून ठरत नाही. — संपा.